आधी ओल, मग रंग : महाड-पोलादपुरातील घरगुती लाकडी सामानाचे रंगकाम

लाकडी सामानाला रंग दिला की लाकूड आणि हवा यांच्यामध्ये एक पातळ पडदा उभा राहतो. तो देखणा असावा ही अपेक्षा रास्त आहे, पण त्याचे मुख्य काम वेगळे आहे. लाकडात होणारी ओलाव्याची ये-जा त्याने मंद करायची असते. ही ये-जा पूर्णपणे थांबवील असा घरगुती रंग बाजारात नाही. डब्यावर काहीही छापलेले असले तरी नाही. महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाच्या तालुक्यांत रंग कोणत्या कंपनीचा, या प्रश्नापेक्षा तो कोणत्या महिन्यात लावला, हा प्रश्न मोठा ठरतो.

पोलादपूर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला जाते. घाटमाथ्याच्या थेट खाली असल्यामुळे या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दुसरीकडे समुद्र लांब असल्याने उन्हाळ्याच्या दुपारी किनाऱ्यावरच्या अलिबाग-श्रीवर्धनपेक्षा इथली हवा बरीच कोरडी आणि तापलेली असते. महाडच्या उत्तरेला असलेल्या भिरा येथे मार्च २०१७मध्ये ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि हे आडगाव एका दिवसात देशभरच्या बातम्यांत गेले. म्हणजे ओटीवरचे एकच कपाट वर्षातले काही महिने पाण्याने भरलेल्या हवेत उभे असते आणि काही महिने भट्टीसारख्या हवेत.

लाकूड या दोन्ही हवांशी जुळवून घेते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत चढतो. आर्द्रता ६५ टक्के असेल तर तो १२ टक्क्यांजवळ स्थिरावतो, ५० टक्के असेल तर नऊ टक्क्यांजवळ. ओलाव्याबरोबर फळी रुंदीत फुगते आणि आकसते. लांबीत मात्र हा फरक नगण्य असतो. साग हे या बाबतीत सर्वांत शहाण्या लाकडांपैकी एक. तरीही आडव्या कापाच्या सागवानी फळीची रुंदी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण ०.२ टक्क्याने बदलते. ३० सेंटिमीटर रुंदीची फळी १८ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आली, तर ती सुमारे चार मिलिमीटर आकसते. श्रावणात अडकून बसणारा खण चैत्रात खुळखुळतो तो यामुळेच. रंगाचा थर जेमतेम केसाच्या जाडीचा. खालची फळी चार मिलिमीटर सरकली की सांध्यापाशी तो तुटणार, हे गृहीत धरूनच काम करावे लागते.

भारतीय मानक ब्युरोने इमारती लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा ठरवताना देशाचे हवेतील आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत. कोकण अर्थातच सर्वांत दमट विभागात येते. लाकूड रंगवण्याच्या कामाची क्रमवार पद्धतही आयएस २३३८ या १९६७ सालच्या संहितेत दिलेली आहे. ती कोणी रंगारी वाचत नाही, पण अनुभवी रंगारी जे करतो ते बहुतांशी तिच्याशी जुळते.

कोणते लाकूड, कसे वागते

इथल्या घरांतले जुने सामान मुख्यत्वे सागाचे, फणसाचे आणि शिवणीचे. ऐन आणि किंजळ ही डोंगरउतारावरची झाडे. त्यांचे लाकूड जड आणि मजबूत. ते तुळया, वासे, चौकटी यांत अधिक दिसते, सामानात कमी. आंब्याचे लाकूड स्वस्त, म्हणून फळ्यांच्या मांडण्या, बाके, खोकी यांत सर्रास.

रंगाच्या दृष्टीने यातले प्रत्येक वेगळे. सागात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. वाळवी त्यामुळेच सागापासून दूर राहते, पण तीच द्रव्ये तेलरंगाला नीट वाळू देत नाहीत. ताज्या रंधलेल्या सागवानी पृष्ठभागावर रंग दिवसेंदिवस चिकट राहिला, तर दोष बहुधा रंगाचा नसतो. अस्तर लावण्यापूर्वी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने सागाचे अंग पुसून घेतले आणि थिनर उडाल्याबरोबर पहिला हात दिला की ही अडचण पुष्कळ कमी होते. फणसाचे लाकूड कापल्यावर हळदीसारखे पिवळे दिसते आणि वर्षानुवर्षांत तांबूस तपकिरी होत जाते. हा पिवळा रंग खरोखरीचा रंग आहे. आग्नेय आशियात बौद्ध भिक्खूंची चीवरे फणसाच्या लाकडाच्या काढ्यात रंगवत असत. त्यामुळे फणसाच्या पाटावर थेट पांढरा किंवा फिका पाणीरंग दिला, तर खालून पिवळट डाग वर येऊ शकतात. आधी चपडीचा, म्हणजे शुद्ध लाखेचा, एक पातळ हात देऊन ते अडवता येतात. शिवण हलकी, फिकी, कमी वाकणारी. पाट, चौरंग, देव्हारा यांना उत्तम आणि रंग घेण्यातही गुणी. आंबा रंग भराभर पितो, त्याला निळसर बुरशी धरते आणि पोखरणारा किडा लागतो. पायाखाली मैद्यासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली, तर आधी किड्याचा बंदोबस्त. बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे द्रावण उघड्या लाकडात मुरवणे हा घरी करता येण्याजोगा आणि तुलनेने निर्धोक उपाय आहे. रंगाखाली झाकलेला किडा मरत नाही, निवांत होतो.

प्लायवूड, सनमायका, भुश्याच्या दाबलेल्या पाट्या यांचे सामान आता खेड्यांतही पोहोचले आहे. सनमायकावर रंग धरतच नाही असे नाही, पण तो घासून खरखरीत केल्याशिवाय आणि चिकटणारे खास अस्तर लावल्याशिवाय नखाने सोलून निघतो.

डब्याच्या आधी

महाड हे एकेकाळी सावित्रीवरचे बंदर. बाणकोटहून भरतीच्या पाण्यावर गलबते दासगाव आणि महाडपर्यंत येत आणि घाटावरचा माल इथून खाली उतरे. लाकडाला पाण्यापासून वाचवण्याचे कोकणातले जुने ज्ञान घरातले कमी आणि होडीतले जास्त आहे. होड्यांना मुशीच्या यकृताचे तेल चोपडत. पाण्याखालच्या भागाला तेलात मळलेला चुना लावत. दक्षिणेकडे काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला आणि जाळ्यांना देण्याची पद्धत होती. हे तेल काळपट, दाट, किड्याला न आवडणारे आणि कातडीवर फोड आणणारे. बिब्ब्याचे तेलही याच स्वभावाचे.

काजू, बिब्बा आणि आंबा एकाच वनस्पतिकुळातले आणि जपानमधील प्रसिद्ध उरुशी लाखरोगण ज्या झाडाच्या चिकापासून होते, तेही याच कुळातले. उरुशीची एक गंमत इथल्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते कोरड्या हवेत वाळत नाही. ते घट्ट व्हायला ७० ते ८५ टक्के आर्द्रता लागते आणि त्यासाठी जपानी कारागीर मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटात वस्तू ठेवतात. कोकणचा पावसाळा ज्याला आयता मानवला असता असे हे एक नामांकित रोगण. बाकी बहुतेकांना तो वैरी.

रंगीत लाकडी सामानाची कोकणातली खरी परंपरा मात्र सावंतवाडीची. चितार आळीतील लाकडी फळे-भाज्या आणि खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी पांगारा आणि शिवणीसारखी हलकी लाकडे वापरत. तिथली दुसरी कला गंजिफाची. हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लयाला जात असताना तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. त्याच हातांनी पुढे पाट, चौरंग, खुर्च्या आणि पेट्याही रंगवल्या. गंजिफाची पद्धत पाहिली की आजच्या रंगकामाचा सगळा क्रम तिच्यात सापडतो. कापडावर चिंचोक्याची खळ, तिच्यावर खडूचा थर, तो दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, मग डिंकात कालवलेले रंग आणि शेवटी लाखेचे पाणी. खळ आणि खडू म्हणजे अस्तर आणि लांबी (पुट्टी), लाख म्हणजे वरचे संरक्षण. साहित्य बदलले, क्रम तोच राहिला.

चरकावर फिरणाऱ्या गोल वस्तूंची रीत यापेक्षा वेगळी. पाळण्याचे दांडे, लाटणी, पलंगाचे पाय अशा वस्तू चरकावर वेगाने फिरवायच्या आणि त्यांना रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याचे किंवा तत्सम पान दाबून तिला चकाकी आणतात. या लेपात ना थिनर, ना वाळण्याची वाट पाहणे. जुन्या घरात असा पाळणा असेल, तर त्यावर तेलरंग चढवणे हा शुद्ध अडाणीपणा. ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, इतकेच त्याला पुरते.

लाख हा एका कीटकाचा स्राव. पळस, कुसुम आणि बोर ही त्याची आवडती झाडे. रांचीजवळ नामकुम येथे १९२४पासून लाखेच्या संशोधनाची संस्था आहे. शुद्ध केलेल्या लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पोटलीने लाकडावर फिरवली की फ्रेंच पॉलिश होते. सागाचा पोत जितका या पॉलिशखाली खुलतो, तितका दुसऱ्या कशाखालीही नाही. पण चपडी पाण्याला भिते. गरम चहाचा कप ठेवला की पांढरे कडे उमटते आणि पावसाळी हवेत लावली तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होऊन हवेतले बाष्प त्यावर बसते आणि सगळी फळी दुधाळ दिसू लागते. नायट्रोसेल्युलोजच्या फवारणीच्या रोगणांनाही हाच रोग. जुलैत पॉलिशवाल्याने काम नाकारले, तर तो आळशी नसून जाणता आहे असे समजावे.

तेलरंग मुंबईहून आला. लोअर परळला १९२०मध्ये गहागन पेंट्स ही कंपनी निघाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. १९४२मध्ये चार मित्रांनी मुंबईत एशियन पेंट्स सुरू केली. मोठ्या शहरांतले मोठे विक्रेते परदेशी कंपन्यांच्या हातात असल्याने या कंपनीने लहान गावे आणि लहान डबे यांवर भर दिला. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४मध्ये काढलेला, हातात ब्रश आणि बादली घेतलेला गट्टू हा मुलगा त्या डब्यांवरून गावोगाव गेला. बैलाची शिंगे रंगवायला घेतलेल्या छोट्या डब्यात उरलेला रंग स्टुलाला किंवा खिडकीला लागणे, हे ग्रामीण महाराष्ट्रातले रंगकामाचे एक रुळलेले दृश्य आहे.

तयारी

घरी केलेले रंगकाम फसते ते तयारीत. ब्रश फिरवायचा आनंद सर्वांना हवा असतो, काचकागद कोणालाच नको असतो.

पहिली पायरी ओलावा तपासण्याची. ओलावामापक यंत्र नसेल, तर कपाटाचा एक खण बाहेर काढून ताणकाट्यावर त्याचे वजन करावे आणि आठवड्याने पुन्हा करावे. वजन उतरत असेल तर लाकूड अजून पाणी सोडते आहे. दोन आठवडे वजन हलले नाही, की ते हवेशी समतोल साधून बसले. साडेतीन-चार किलोच्या खणात पावसाळ्यानंतर पाव किलो पाणी जास्तीचे असणे मुळीच नवलाचे नाही.

मग जुना रंग. घट्ट बसलेला असेल तर तो काढण्याची गरज नाही. फक्त चकाकी मोडावी. फुगलेला, पापुद्रे सुटलेला असेल तर खरवडून मुळापर्यंत काढावा. इथे एक धोका आहे आणि तो लहान मुलांच्या घरात तरी विसरू नये. जुन्या तेलरंगांत शिसे असे. पांढऱ्या सफेद्यात, पिवळ्या-केशरी रंगांत आणि वाळवण्यासाठी घातलेल्या द्रव्यांतही. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९०पेक्षा जास्त नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेला पाळणा, पलंग किंवा देव्हारा कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर होते आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती अपाय करते. असे सामान अंगणात न्यावे, पाणीकागदाने ओले ठेवून घासावे, तोंडाला चांगला मास्क असावा आणि निघालेला चिखल गोळा करून बंद पिशवीत टाकावा. तो विहिरीजवळ किंवा परसातल्या भाजीत टाकायचा नाही.

उघड्या लाकडावर काचकागद नेहमी शिरेच्या दिशेने चालवावा. ८० किंवा १०० नंबरने सुरुवात, मग १५०, शेवटी २२०. आडवा घासलेला प्रत्येक ओरखडा इनॅमलखाली, म्हणजे चकचकीत तेलरंगाखाली, उठून दिसतो. त्यानंतर अस्तराचा पातळ हात, मग लांबी. जुने रंगारी खडूची भुकटी आणि बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, मळून लांबी घरीच करत आणि ती अजूनही तयार डब्यातल्या लांबीपेक्षा वाईट नसते. फक्त ती अस्तराच्या आधी भरू नये. कोरडे लाकूड तिच्यातले तेल पिऊन टाकते आणि लांबी पावडर होऊन गळते.

जवसाच्या तेलाने भिजलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. हे तेल उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती साचून आपोआप पेट घेऊ शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

हात आणि महिने

रंग दोन पातळ हातांत द्यावा. एका जाड हातात देऊ नये. दमट हवेत जाड थर वरून साय धरतो आणि आत ओलाच राहतो. त्यावर पुढचा हात चढला की काही आठवड्यांत सुरकुत्या पडतात. डब्यावर दिलेल्या दोन हातांमधल्या वेळा मध्यम तापमान आणि मध्यम आर्द्रता धरून दिलेल्या असतात. महाडात ऑक्टोबरमध्ये त्या दुपटीने मोजल्या तरी चूक होणार नाही. हाताला कोरडा लागणारा इनॅमल पुरता घट्ट व्हायला आठवडा किंवा अधिक लागतो. त्याआधी कपाटात कपडे कोंबले तर ते चिकटतात.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा. सहा फूट उंच, चार फूट रुंद आणि दीड फूट खोल कपाटाचे बाहेरचे सगळे अंग ७८ चौरस फूट भरते. एक लिटर इनॅमल एका हातात साधारण १०० चौरस फूट चालतो, म्हणजे बाहेरच्या दोन हातांना दीड लिटरहून थोडा अधिक. या ७८ फुटांत पाठ आणि तळ धरलेले आहेत आणि ते मुद्दाम. दिसणारी बाजू रंगवून मागची उघडी सोडली, तर मागून ओलावा शिरतो, पुढून अडतो आणि फळी पन्हळीसारखी वाकते. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे पायांचे तळ. तिथे लाकडाच्या नळ्या तोंड उघडून जमिनीवर टेकलेल्या असतात आणि ओल्या लादीतले किंवा सारवलेल्या जमिनीतले पाणी त्यांतून थेट वर चढते. कपाट आडवे करून पायांच्या तळांना तीन-चार हात पाजणे हे अर्ध्या तासाचे काम. पण खालून कुजलेला पाय हेच इथल्या बहुतेक सामानाच्या मृत्यूचे कारण असते.

राहिला महिन्यांचा प्रश्न. पोलादपूर आणि महाडच्या खेड्यांतली पुष्कळ घरे वर्षातला बराच काळ बंद असतात. माणसे मुंबईला, पनवेलला, पुण्याला कामाला. चाकरमानी गावी येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. रंगकाम उरकले जाते ते गणपतीच्या आधीच्या आठवड्यात किंवा दिवाळीला. पाट, चौरंग, मखर नवे दिसले पाहिजेत हे खरेच, पण भाद्रपदात लाकूड वर्षातल्या सर्वांत फुगलेल्या अवस्थेत असते. त्या वेळी रंगवलेल्या कपाटाच्या दाराकडे एप्रिलमध्ये पाहावे. चौकटीच्या खाचेतली फळी आकसून आत सरकलेली असते आणि तिच्या कडेने दोरीएवढी कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडलेली असते. तिथे रंग कधी पोहोचलाच नव्हता, कारण तेव्हा तो भाग खाचेत लपलेला होता. पुढच्या पावसात पाणी नेमके त्या पट्टीतून शिरते. दिवाळीचीही गत फार वेगळी नाही. पाऊस गेलेला असतो, हवा मोकळी वाटते, पण इंचभर जाडीच्या फळीच्या पोटातला ओलावा इतक्या लवकर निघत नाही. बंद घरात तर नाहीच.

सर्वांत योग्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. महाशिवरात्रीनंतर महाडचे ग्रामदैवत असलेल्या वीरेश्वराचा छबिना निघतो, पुढे गावोगाव शिमग्याच्या पालख्या नाचतात. याच दिवसांत लाकूड कोरडे, आकसलेले आणि रंग घ्यायला तयार असते. आकसलेल्या फळीचा पूर्ण दर्शनी भाग रंगतो आणि पावसात ती फुगली की रंगलेली कड खाचेत जाते. चाकरमान्याला शिमग्याची चार दिवसांची रजा मिळतेच. त्यातले दोन दिवस कपाटाला दिले तर गणपतीला घाई उरत नाही. मे महिनाही चालतो, मात्र शेवटचा आठवडा नव्हे; वळवाच्या सरी आणि चढती आर्द्रता यांत इनॅमल घट्ट होण्याआधीच पावसाळा गाठतो. दुपारच्या उन्हात अंगणात रंगवणेही टाळावे. तापलेल्या फळीवर रंग ब्रशखालीच ओढला जातो, ब्रशच्या रेघा तशाच राहतात आणि आतली हवा फुगून बारीक फोड येतात. सकाळी, पडवीच्या सावलीत काम करावे.

शहरांत सध्या जुन्या सामानाला खडूसारखा मळकट पोत देणाऱ्या रंगांची हौस आहे. ब्रिटनमधील ॲनी स्लोन यांनी १९९०मध्ये असा रंग बाजारात आणला. त्याला अस्तर लागत नाही, वर मेणाचा हात पुरतो. थंड, कोरड्या खोल्यांत तो छान दिसतो. महाडच्या पावसाळ्यात मेणाच्या हातावर बुरशीचे ठिपके उमटतात. हौसच असेल तर मेणाऐवजी वर पाण्यात मिसळणारे पारदर्शक पॉलियुरेथेन द्यावे.

पुरात भिजलेले सामान

महाडची बाजारपेठ सावित्री आणि गांधारीच्या पाण्याला नवखी नाही. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर चढले की नदीचे पाणी तुंबते आणि शहरात शिरते. जुलै २००५चा पूर अजून लोकांच्या तोंडी आहे. २२ जुलै २०२१ रोजी तर महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे दगावली. त्या दुःखापुढे कपाटे-पलंगांची गोष्ट अगदी क्षुल्लक. तरी चिखल ओसरल्यावर प्रत्येक घरापुढे सामानाचा ढीग होता आणि त्यातले काय ठेवायचे, काय टाकायचे हे ज्याचे त्याला ठरवावे लागले.

भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचे सामान पुरात एकदा फुगले की संपले. ते वाळले तरी मूळ आकाराला येत नाही, त्यावर रंगाचा खर्च करू नये. प्लायवूडचे थर सुटले नसतील तर ते वाचते. सागवानी, फणसाचे, शिवणीचे भरीव सामान मात्र जवळजवळ नेहमी वाचवता येते. घाई करू नये, एवढेच.

चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवावा. वाळल्यावर तो सांध्यांत आणि शिरांत दगडासारखा बसतो. खण बाहेर काढावेत. ते अडकले असतील तर ओढू नयेत. पाठीची पातळ फळी खोलून मागून ढकलावेत. ब्लीचिंग पावडरच्या सौम्य पाण्याने पुसून बुरशीला आवर घालावा. मग सामान सावलीत, हवेशीर जागी, विटांवर उचलून ठेवावे. ऊन दाखवण्याचा मोह मोठा असतो, पण पाण्याने तुडुंब फळी उन्हात ठेवली की वरचा भाग आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि दोघांच्या ओढाताणीत ती उभी तडकते.

जुलैत भिजलेले सामान पावसाळाभर फारसे वाळतच नाही. हवाच ओली असते. गणपतीला त्यावर रंग चढवून ते नवे करण्याचा प्रयत्न केला, तर ओलावा आत कोंडला जातो आणि पहिल्याच कडक उन्हात रंगाखाली फोड उठतात. फोड सुईने टोचला आणि आतून पाणी आले, तर निदान पक्के. असे सामान जानेवारीपर्यंत उघडेच ठेवावे आणि खणाचे वजन स्थिर झाले की सांधे पुन्हा सरस भरून आवळावेत. जुने सरसाचे जोड पाण्याने सुटतात, हे एका अर्थी बरेच. ते उकलून साफ करता येतात. त्यानंतर बोरिक आम्ल आणि टाकणखाराचे द्रावण मुरवावे, कारण पुरात भिजलेल्या लाकडाकडे वाळवी लवकर वळते. ते वाळल्यावर काचकागद, अस्तर, लांबी आणि दोन हात. पुराच्या पाण्याने सागावर पडलेले काळे डाग बहुधा खिळे-बिजागऱ्यांतल्या लोखंडाचे असतात. पारदर्शक पॉलिशखाली ते दिसत राहतात, म्हणून असे कपाट पॉलिशऐवजी गडद इनॅमलकडे न्यावे. पॉलिशच करायचे असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने डाग फिका करावा, तो भाग पाण्याने दोनदा धुवावा आणि पुन्हा पूर्ण वाळू द्यावा. हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे घालूनच वापरावे आणि त्याचा डबा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा.